भाऊबीजेचा रस्ता

टेमघर हे नाव काढताच पुणेकरांच्या डोळ्यांपुढे मुठा नदीवरील धरण उभे राहते. मी सांगणार आहे ते टेमघर निराळे. ते ठाणे जिल्ह्यात, भिवंडीहून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. येथे लेणे नाही, किल्ला नाही, की हवा पालटण्यासाठी कोणी यावे असे काही नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती, गुदामे, मालमोटारी दुरुस्त करण्याच्या टपऱ्या, आणि मधून मधून यंत्रमागांचा खडखडाट. अशा ठिकाणाचे वर्णन लिहावयास बसलो हे पाहून आमच्या घरच्या मंडळींनी डोळे विस्फारले, मग वाचकांनी तसे केल्यास मला दोष देता येणार नाही.

तथापि एका बाबतीत टेमघरचे आमच्यावर ऋण आहे. आम्ही मीरा रोडला राहतो. आमच्या नळाला येणाऱ्या पाण्यातील मोठा वाटा येथून येतो. उल्हास नदीचे पाणी शहाडला उचलावयाचे, टेमघरला शुद्ध करावयाचे आणि तेथून भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदर व वाटेवरील खेड्यांना पोहोचवावयाचे, अशी ही योजना आहे. शहाड व टेमघर यांच्या नावांची आद्याक्षरे घेऊनच ‘स्टेम’ हे तिचे नाव झाले. कित्येक वर्षे मी ज्या गावचे पाणी पीत होतो, त्या गावात माझी सख्खी आत्या राहते आणि मी वर्षातून एकदाही तिच्याकडे जात नाही, ही गोष्ट मला नळाखाली तांब्या धरताना कधी टोचली नाही, हे कबूल केले पाहिजे.

आत्याकडे नेमाने जात ते माझे वडील. भाऊबीज चुकविली असे त्यांच्या हयातीत घडले नाही. २०२३ च्या आषाढात ते गेले. त्या वर्षीची दिवाळी वर्षश्राद्धापूर्वीची, म्हणून आमच्या घरी सण नव्हता आणि टेमघरला कोणी गेले नाही. २०२४ साली पाडवा शनिवारी, २ नोव्हेंबरला आला आणि भाऊबीज रविवारी. आठवडाभर आधी आत्याचा दूरध्वनी आला. “तुझ्या वडिलांच्या जागी तू ये,” एवढेच ती म्हणाली. ‘येशील का’ असे विचारण्याची तिची रीत नाही.

इकडे माझी अडचण वेगळीच होती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितल्यापासून मी धावू लागलो होतो आणि जानेवारी २०२५ मधील मुंबईच्या अर्ध-मॅरेथॉनसाठी नाव नोंदवून बसलो होतो. या छंदाचा एक जाच असा की रविवारची पहाट लांबच्या पल्ल्यासाठी राखून ठेवावी लागते. मधले दिवस कसेबसे भागवता येतात, पण रविवार गेला की आठवडा गेला. वडिलांना हा प्रकार कधी पटला नाही. “पळायचे ते एस. टी. पकडायला,” असे ते म्हणत आणि वर्तमानपत्राची घडी उलटी करीत.

मी पिशवीत ओवाळणीचे पाकीट टाकले, करंज्यांचा डबा टाकला आणि वरून, कोणाच्या नजरेस पडू नयेत अशा बेताने, धावण्याचे बूट टाकले.

शनिवारी दुपारी टेमघरला पोहोचलो. आत्याचे वय एक्याऐंशी. आतोबा सत्त्याऐंशीचे. त्यांनी सारा जन्म भिवंडीतील एका यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेबनिसाचे काम केले. मागांच्या आवाजाने त्यांचे कान साठीच्या आतच गेले आणि त्यामुळे त्या घरात सगळेच थोडे मोठ्याने बोलतात. पूर्वी त्यांचे बिऱ्हाड भिवंडीच्या ब्राह्मण आळीत होते. आतेभावाला नोकरी लागल्यावर त्यांनी टेमघरला तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली. गच्चीवजा सज्जातून रस्ता दिसतो. या रस्त्यावरून पुढेमागे मेट्रो जाणार आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण या मार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये कल्याणला झाली आणि त्याच्या आराखड्यात टेमघर नावाचे स्थानकही आहे. आतोबांना त्याविषयी विचारले. “आमच्या तेराव्याला येणारे लोक मेट्रोने येतील,” असे ते शांतपणे म्हणाले. वहिनींनी कपाळाला हात लावला.

बूट लपले नाहीत. आतेभावाच्या मुलीने, म्हणजे माझ्या पुतणीने, पिशवी उचलताच वजनावरून ओळखले. ती महाविद्यालयात शिकते आणि तिच्या पिढीला या गोष्टींचे कौतुक आहे. आत्याला नव्हते.

“उद्या पहाटे धावायला जाणार? आणि परत कधी येणार?”

“आठपर्यंत.”

“म्हणजे आल्यावर दमून पडणार. आणि आज लवकर निजणार असशील?”

मी गप्प बसलो, कारण माझ्या कोष्टकात रात्री नऊला निजणे लिहिलेले होते.

“मला भेटायला आलास, का माझा रस्ता मोजायला?” असे म्हणून ती आत गेली.

तिचे म्हणणे रास्त होते, हे तेव्हाही मला कळत होते. दीड वर्षाने आलेला भाचा, हाताशी एक संध्याकाळ आणि एक दिवस. त्यातून धावणे, न्हाणे, विसावा हे वजा केले तर म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला काय उरते? धावणाऱ्या मंडळींत या विषयावर फारसे कोणी बोलत नाही. किती अंतर, किती वेळ, कोणते बूट, यांच्या चर्चा अखंड चालतात, पण तो वेळ कोणाच्या ताटातून उचलला याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

जेवणे झाल्यावर मी सज्जात जाऊन तिच्याजवळ बसलो आणि निजण्याचा विचार सोडून दिला. काही तरी बोलावे म्हणून तिला या शर्यतीचे अंतर समजावून सांगू लागलो. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणापर्यंत मॅरेथॉनचा पल्ला २६ मैल ३८५ यार्ड भरला. १९२१ मध्ये तेच अंतर कायमचे ठरले. आजच्या मापाने ते ४२.१९५ किलोमीटर. आमची धाव त्याच्या अर्धी, म्हणजे २१ किलोमीटरांहून किंचित अधिक.

“एकवीस किलोमीटर म्हणजे इथून कुठवर?” आत्याने विचारले.

मी अंदाजाने सांगितले : भिवंडीच्या तुमच्या जुन्या घरापासून कल्याणला आमच्या पारनाक्याच्या जुन्या घरापर्यंत जावयाचे आणि परत यावयाचे, साधारण तेवढे.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तेवढे तर तुझे वडील दर भाऊबीजेला चालत.”

माझा विश्वास बसेना. वडिलांच्या तोंडून मी हे कधी ऐकले नव्हते. आत्या सांगू लागली. तिचे लग्न १९६३ साली झाले. वडील तेव्हा चौदा वर्षांचे. पहिल्या भाऊबीजेला आजोबांनी त्यांना ओवाळणीचा एक रुपया आणि एस. टी.च्या जाण्या-येण्याचे भाडे दिले. ते दुपारी ब्राह्मण आळीत पोहोचले तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. आत्याने विचारले तर म्हणाले, गाडीला गर्दी होती, शेवटचा तुकडा चाललो. ओवाळताना तबकात पाहते तो रुपयाच्या शेजारी चिल्लर. भाड्याची सगळी रक्कम त्यांनी तबकात टाकली होती आणि जाण्याची व येण्याची दोन्ही वाट पायी धरली होती. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. १९७१ मध्ये नोकरी लागेपर्यंत आठ भाऊबिजा त्यांनी अशा केल्या. तिने कधी ओळख दिली नाही. ते येण्याच्या सुमारास ती बंबावर पाणी तापवून ठेवी आणि परत निघताना हातरुमालात गूळ-दाणे बांधून देई.

“त्या चिल्लरीचे तू काय केलेस?” माझा कंठ दाटला होता. तिने एखाद्या डबीत जपून ठेवली असेल अशी माझी अपेक्षा.

“काय करणार? दूध आणले,” आत्या म्हणाली.

सव्वाअकराला आम्ही निजलो. माझ्या कोष्टकात त्या रविवारी अठरा किलोमीटर लिहिलेले होते. मी एकवीस करावयाचे ठरविले.

पहाटे चारला उठलो तर आत्या माझ्या आधी उठून बसलेली. चहा तयार होता. तिने काही न बोलता हातरुमालाची एक लहान गाठ पुढे केली. आत काय आहे हे मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. पुतणी पाण्याच्या बाटल्या घेऊन दुचाकीवर बरोबर येणार होती. या रस्त्यावर अंधारात एकट्याने धावू नये असे वहिनींचे मत होते आणि ते अगदी योग्य होते. जड वाहनांचा हा रस्ता, पदपथ कोठे आहे तर कोठे नाही. पुतणीने दुचाकी माझ्या मागे ठेवून दिवा लावला आणि माझी सावली पुढे पन्नास पावले पडली.

प्रथम आम्ही उलट्या दिशेने, भिवंडीत, ब्राह्मण आळीपर्यंत गेलो. वडिलांची वाट तेथे संपत असे, म्हणून माझी तेथून सुरू व्हावी असे मनात होते. भिवंडी हे विणकरांचे गाव. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग आणले, पुढे विजेवर चालणारे माग आले, तेलंगणातून पद्मशाली मंडळी आली. आज देशातील यंत्रमागांचा फार मोठा भाग या एका शहरात आहे. मुंबईच्या वेशीबाहेर पण मुंबईपासून हाकेच्या अंतरावर असल्याने गुदामांचे पेवही येथेच फुटले. दिवाळीमुळे काही कारखाने बंद होते, काहींतून आवाज येत होता. बंद माग आणि चालू माग यांतील फरक धावताना तळपायांना कळतो. चालू मागाशेजारून जाताना जमीन बारीक थरथरते. आतोबांनी चाळीस वर्षे या थरथरीवर बसून आकडे मांडले.

आळीत शिरलो तेव्हा दोन-तीन दारांपुढे रांगोळ्या होत्या. आत्याचे जुने घर मला ओळखू आले नाही. पुतणीने दाखविले त्या दारापुढे मी वळलो आणि कल्याणची वाट धरली.

पुन्हा टेमघर आले. तिसऱ्या मजल्यावर दिवा दिसला आणि सज्जात एक आकृती. मी हात केला. वरून हात हलला की नाही, अंधारात समजले नाही. पुढे राजनोलीचा चौक. येथे मुंबई-नाशिक महामार्ग आडवा जातो आणि मालमोटारींची रीघ रविवारी पहाटेही तुटत नाही. येथे मी धावणे थांबवून चालत रस्ता ओलांडला. घड्याळात दोन मिनिटे गेली. शर्यतीत लोक अशा दोन मिनिटांसाठी महिनोन्‌महिने झुरतात. त्या दिवशी मात्र ती गेल्याचे मला काही वाटले नाही. मागे पुतणी होती आणि तिच्या आईला मला तोंड दाखवावयाचे होते.

राजनोली ते गोवे, गोवे ते कोनगाव हा पट्टा सर्वांत कंटाळवाणा. कापड रंगविण्याच्या कारखान्यांचा एक उग्र दर्प हवेत असतो. धूळ डोळ्यांत जाते. श्वास मोजत पुढे जावे एवढेच करावयाचे. अशा वेळी मन इकडेतिकडे भटकते आणि माझे भटकले ते शंभर वर्षे मागे. आपल्याकडील लोकांनी लांब धावण्याची शर्यत जगाबरोबर प्रथम केली ती १९२० साली, बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामहोत्सवात दोराबजी टाटांनी खेड्यांतील तरुणांना अनवाणी धावताना पाहिले. त्यांचे वेळ पाहून ते चकित झाले आणि या मुलांना युरोपात पाठवावे असे त्यांनी मनावर घेतले. जी चार-सहा मंडळी गेली त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉनसाठी होते. चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत ती पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. दातारांची धाव पुरी झाली नाही. चौगुल्यांचे नाव निदान क्रीडेच्या पुस्तकांत सापडते, दातारांचे कोणी घेत नाही. परंतु परक्या देशात, बोटीने आठवडे घालवून पोहोचल्यावर, अर्ध्या वाटेत थांबावे लागलेल्या त्या माणसाविषयी मला नेहमी अधिक जवळीक वाटत आली आहे. परत येताना बोटीवर तो काय बोलला असेल?

कोनगाव सरले आणि गार वारा लागला. दुर्गाडीची खाडी जवळ आल्याची ती खूण. पुलावर चढलो तेव्हा पूर्वेकडे उजाडू लागले होते. खाली उल्हास नदी, येथे ती खाडीला मिळून खारी झालेली. समोर दुर्गाडी किल्ल्याचा उंचवटा आणि देवीचे देऊळ. १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ या खाडीच्या काठी झाला. कल्याण बंदर त्याहून फार जुने. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत येथील दात्यांचा उल्लेख आहे आणि जुन्या ग्रीक प्रवासवृत्तांतही या बंदराचे नाव आढळते.

पुलाच्या मध्यावर पुतणीने पाणी दिले. तिने सहज विचारले, “काका, ही नदी उन्हाळ्यात आटत कशी नाही?” याचे उत्तर मला ठाऊक होते आणि ते देताना मी पुन्हा दोराबजींपाशी येऊन पोहोचलो. मावळात ठोकरवाडी येथे आंध्रा नदीवर टाटांचे धरण आहे. ती नदी इंद्रायणीला मिळणारी, म्हणजे तिचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे, भीमेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जावयाचे. ते अडवून घाटाच्या कड्यावरून खाली भिवपुरीच्या विद्युत्‌गृहात सोडले जाते आणि वीज करून झाल्यावर उल्हास नदीत मिळते. हे काम १९२२ मध्ये सुरू झाले, तेव्हा टाटांच्या कारभाराचे प्रमुख दोराबजीच होते. पावसाळा संपल्यावरही उल्हास वाहती राहते ती बरीचशी या पाण्यामुळे. तेच पाणी वर शहाडला उचलतात, टेमघरला गाळतात आणि माझ्या मीरा रोडच्या तांब्यात येते. ज्या गृहस्थाने चौगुले-दातारांना अँटवर्पला पाठविले, त्याच्याच उद्योगातून आलेले पाणी मी पुतणीच्या हातच्या बाटलीतून पीत होतो. ती म्हणाली, “काका, तुम्ही थांबलात तरी तुमचे घड्याळ चालू आहे हं.”

पुलापलीकडे कल्याण. पारनाक्याकडे वळलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. अंगणे झाडली जात होती, कोठे रेडिओवर भक्तिगीते लागली होती. सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून असलेले हे शहर. माझे आजोबा संध्याकाळी तेथे वर्तमानपत्रे वाचावयास जात, एवढे मला वडिलांकडून ठाऊक होते. आजोबांचे घर मात्र मी लहानपणी दोन-तीनदाच पाहिलेले. ते भाड्याचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते आणि त्या जागी आता सात मजल्यांची इमारत आहे. त्रिविक्रमाच्या देवळावरून मी अंदाज बांधला. इमारतीच्या फाटकावर पहारेकरी स्टुलावर डुलक्या घेत होता. घामाने निथळणारा, अर्ध्या विजारीतला एक पोक्त इसम फाटकाशी उभा राहून वर पाहतो आहे, हे त्याला विचित्र वाटले असावे. “कुणाकडे जायचंय?” त्याने विचारले. मी म्हणालो, कोणाकडे नाही.

पुतणीने आत्याला दूरध्वनी लावून माझ्या हाती दिला.

“पोहोचलास?”

“पोहोचलो. घर राहिले नाही, आत्या.”

“ते मला माहीत आहे. त्रिविक्रमाचे दार उघडले का ते सांग.”

मी वळून पाहिले. दार उघडे होते.

“मग नमस्कार करून ये. बाहेरूनच कर, पायात बूट असतील.”

मी नमस्कार केला. तेथे आणखी चार मिनिटे गेली. निघण्यापूर्वी हातरुमाल सोडला. गूळ आणि भाजलेले दाणे. आजकाल धावणाऱ्यांसाठी साखरेच्या पाकाच्या लहान पुड्या मिळतात, माझ्या खिशातही एक होती. यकृतात आणि स्नायूंत साठलेली शर्करा जोराने धावणाऱ्याला साधारणपणे दीड-दोन तास पुरते आणि माझ्यासारख्या संथ माणसाला वाटेत भर घालावी लागते, हे शास्त्र त्या पुडीवर बारीक अक्षरांत छापलेले असते. मी पुडी खिशात तशीच ठेवली. धावणाऱ्याने दाणे खाऊ नयेत, घशाला कोरड पडते, हेही मला तेथेच कळले.

परतीचे साडेसात किलोमीटर कठीण गेले. ऊन चढले, वाहने वाढली, आणि गोव्याजवळ (हे गोवे ठाणे जिल्ह्यातील, पोर्तुगिजांचे नव्हे) डाव्या पोटरीत गोळा आला. रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. पुतणीने दुचाकी लावली आणि पोटरी चोळण्यासाठी खाली वाकली, तेव्हा मी तिला थांबविले. काकाने पुतणीकडून पाय चोळून घ्यावेत हे बरे दिसेना. ती हसली आणि चक्क ओरडून म्हणाली, कारण त्यांच्या घरी सगळे तसेच बोलतात, “आजोबा चौदा वर्षांचे असताना इथूनच चालत गेले असतील ना? तेही दोन्ही वेळा, आणि चपलांनी!” चपला होत्या की नव्हत्या, हे विचारावयाचे माझ्याकडून राहून गेले होते.

मनात हिशेब चालू होता. वडिलांना एका दिशेला दोन-सव्वादोन तास लागत असतील. जेवण, ओवाळणी, थोडा विसावा, की पुन्हा तेवढेच. दिवस मावळण्यापूर्वी पारनाका गाठावयाचा. घरी सांगावयाचे, गाडी वेळेवर मिळाली. आठ वर्षे हे खोटे त्यांनी सांभाळले आणि पुढे बावन्न वर्षे त्याविषयी मौन राखले. ‘पळायचे ते एस. टी. पकडायला’ हे त्यांचे वाक्य मी इतकी वर्षे विनोद म्हणून ऐकत आलो होतो. गोव्याच्या त्या दगडावर मला तो विनोद पहिल्याने नीट ऐकू आला. एस. टी.साठी दिलेले पैसे न मोडणाऱ्या मुलाचे ते बोलणे होते.

उठून लंगडत, मग हळूहळू धावत, राजनोली ओलांडून टेमघर गाठले. इमारतीच्या फाटकाशी घड्याळ पाहिले तर २०.८ किलोमीटर. आता अर्ध-मॅरेथॉनला तीनशे मीटर कमी! कोणत्याही शहाण्या माणसाने तेथे थांबावे. परंतु या छंदाने माणसाचे शहाणपण जाते. मी इमारतीच्या आवारात, लावलेल्या गाड्यांच्या भोवती, फेऱ्या घालू लागलो. पहिल्या मजल्यावरील एक बाई वाळत घातलेल्या कपड्यांआडून पाहू लागल्या. दोन मुले फटाके सोडून माझ्यामागे धावू लागली. तिसऱ्या मजल्यावरून आत्याचा आवाज आला, “अरे, घर इकडे आहे!” आणि त्यापाठोपाठ तिचे हसणे. तिचे असे मोकळे हसणे मी लहानपणानंतर ऐकले नव्हते. २१.१ झाले. दोन तास एकेचाळीस मिनिटे, चाललेले, थांबलेले, बसलेले सर्व धरून.

वर गेलो तो न्हाणीघरात पाणी तापवून ठेवलेले. बंब गेला, विजेचा गीझर आला. पण आत्याने बादलीत मीठ टाकून ती बाहेर स्टुलापुढे आणून ठेविली होती. “पाय घाल,” ती म्हणाली. मी पाय घातले. आतोबांनी जवळ येऊन घड्याळातील आकडा पाहिला, मनाशी काही भागाकार केला आणि मोठ्याने सांगितले की किलोमीटरला साडेसात मिनिटांहून किंचित अधिक पडले, आणि हा काही फार चांगला दर नाही.

जेवणानंतर मी दमून झोपी जाईन हे आत्याचे भाकीत तंतोतंत खरे ठरले. चारला जागा झालो तेव्हा ती उशाशी खुर्ची घेऊन बसली होती. हातात वाती वळणे चालू होते. तिने मला उठविले नव्हते. दोन तास तिचे फुकट गेले, हे मी बोलून दाखविले. ती म्हणाली, “गेले तर गेले. झोपेत तू तुझ्या बापासारखा दिसतोस.”

दिवेलागणीला ओवाळणी. ज्या बहिणीला भाऊ नाही तिने भाऊबीजेला चंद्राला ओवाळावे, अशी आपल्याकडे चाल आहे. एक्याऐंशी वर्षांत आत्यावर ही पाळी प्रथमच येत होती. मागील वर्षी तिने काय केले, हे विचारण्याचे धैर्य कोणाला झाले नव्हते. द्वितीयेचा चंद्र फार वेळ थांबत नाही. सूर्यास्तानंतर तास-सव्वा तासात जातो. आम्ही सगळे सज्जात उभे राहिलो. गुदामांच्या पत्र्यांवर, नैऋत्येच्या बाजूला, एक बारीक कोर दिसत होती आणि तिच्या वर थोडे डावीकडे शुक्राचा ठळक ठिपका. आत्याने तबक उचलले. तिचा हात स्थिर होता. खाली एक मालमोटार भोंगा वाजवीत गेली. तिने तीनदा ओवाळले, अक्षता कोरेच्या दिशेने टाकल्या आणि मग वळून मला पाटावर बसविले.

मी पाकीट तबकात ठेविले. तिने ते उघडले नाही. बाजूला सारून तबकात काही शोधल्यासारखे केले.

“चिल्लर नाही का आणलीस?”

खिशात काही नव्हते. हल्ली कोणाच्या खिशात असते? पुतणीने आतून आपल्या पर्समधून एक-दोन नाणी आणून माझ्या हाती दिली, ती मी तबकात टाकली. नाण्यांचा आवाज झाला तेव्हा आतोबांनीही मान वर केली.

रात्री निघावयाचे होते. पिशवी भरली, बूट पुसून ठेवले. आत्या दाराशी आली आणि म्हणाली, “पुढल्या वर्षी चालत ये. धावणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही.”

मी कचेरीत सोमवारची रजा कळविली आणि पिशवी पुन्हा आत नेऊन ठेवली.